जयंतीनिमित्त दुकान बंद

दर अकरा जानेवारीला सावरगव्हाणच्या सरकारमान्य देशी दारूच्या दुकानावर पाटी लागायची: 'कै. दादासाहेब जानराव यांच्या जयंतीनिमित्त दुकान बंद राहील.' पाटी दरवर्षी तीच. नितेश ती वर्षभर दुकानाच्या माळ्यावर ठेवायचा आणि दहा तारखेला खाली काढून फडक्यानं पुसायचा. गावातले पिणारे काही भोळे नव्हते. ते दहा तारखेलाच दोन दिवसांची सोय करून ठेवत, त्यामुळे जयंतीच्या आदल्या संध्याकाळी दुकानात वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी उसळायची. आणि ज्याच्यासाठी हा सगळा मान, त्या माणसानं अख्खा जन्म दारूची दुकानं बंद करण्यात घालवला होता.

मैनाबाईंना ती पाटी दिसली की अंगाची लाहीलाही व्हायची. त्या जानरावांच्या नातसून. दुकान त्यांच्या नवऱ्याच्या, महादेवरावांच्या नावावर, आणि गल्ल्यावर बसणारा नितेश त्यांचा पोटचा मुलगा. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी अकोल्याहून मॅट्रिक झालेली ही पोरगी तिवसा तालुक्यातल्या या गावी दिली, तेव्हा तिच्या वडिलांनी ना शेत पाहिलं ना घर. 'त्या घरात बाटली शिरत नाही,' एवढं एक कारण त्यांना पुरलं होतं. चोवीस वर्षं ते खरंही होतं. मग महादेवरावांनी परवाना मिळवला. 'आपण नाही घेतला तर दुसरा कोणी घेईल' हे त्यांचं म्हणणं, आणि या म्हणण्यावर जगात आजवर किती घाण खपली असेल त्याचा हिशोब नाही.

त्या वेळी मैनाबाईंच्या सासूबाई, पार्बताबाई, हयात होत्या. जानरावांना डोळ्यांनी पाहिलेलं घरातलं ते शेवटचं माणूस. तेराव्या वर्षी सून होऊन आल्या होत्या आणि चार वर्षं त्यांनी सासऱ्याला ताट वाढलं होतं. दुकान उघडलं त्या दिवसापासून मरेपर्यंत त्यांनी मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी मात्र घेतलं नाही. मैनाबाई तेव्हा बोलल्याही नाहीत आणि पाणीही देत-घेत राहिल्या. ही गोष्ट त्यांच्या मनात आजवर सलत होती.

जानराव कसे होते ते मैनाबाईंना सासूकडूनच कळलं. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीचा साधा कापूसवाला शेतकरी. धाकटा भाऊ दारूपायी विहिरीत गेला आणि तिथून हा माणूस पेटला. नागपूरच्या कायदेमंडळात निवडून गेला, आणि पहिल्याच अधिवेशनात मागणी केली की दुकान ठेवायचं की नाही ते गावाला ठरवू द्या. गोऱ्या साहेबानं समजावलं की बाबा रे, दारूच्या उत्पन्नावर तुमच्या शाळा चालतात. जानराव म्हणाले, मग शाळा बंद ठेवा, बापाच्या बाटलीवर पोराची पाटी नको. सभागृह हसलं म्हणे. ठराव पडला. तीनदा मांडला, तिन्ही वेळा पडला. तेव्हा दुकानांचा दरसाल लिलाव व्हायचा. कायद्यानं जमत नाही म्हटल्यावर या पठ्ठ्यानं बारा एकर काळी जमीन विकून बोली लावून गावचं दुकान स्वतःच घेतलं आणि दाराला कुलूप ठोकून किल्ली विहिरीत टाकली. सावरगव्हाण एक वर्ष कोरडं राहिलं. दुसऱ्या वर्षी साहेबानं त्यांना लिलावात उभंच राहू दिलं नाही, तेव्हा ते दुकानासमोर जाऊन बसले.

महादेवराव ही गोष्ट चारचौघांत हसत सांगत. 'अहो, घरात परवाना तर पहिल्यांदा दादासाहेबांनीच आणला.' ऐकणारे टाळी देत. मैनाबाई आत चहा गाळत असत, आणि त्यांना वाटे की हे गाळणं तसंच जाऊन नवऱ्याच्या डोक्यावर उपडं करावं.

यंदा जयंती दीडशेवी. महादेवरावांना नितेशला जिल्हा परिषदेला उभं करायचं होतं, त्यामुळे यंदा नुसत्या पाटीवर भागणार नव्हतं. अकोल्याच्या एका प्राध्यापकाकडून दादासाहेबांचं चरित्र लिहून घेतलं होतं. एकशे बारा पानं, जाड पुठ्ठा. अमरावतीत सभागृह घेतलं, पुढारी ठरवला. पुढाऱ्याला अकराला वेळ नव्हता म्हणून सोहळा रथसप्तमीवर ढकलला. घरातला जानरावांचा मोठा फोटो मंचावर जाणार होता.

मैनाबाईंनी ते चरित्र एका दुपारी वाचून काढलं. जानराव शेतकऱ्यांचे कैवारी होते, शिक्षणप्रेमी होते, त्यांचा फेटा देखणा होता, त्यांना आंबे आवडत. विहिरीतल्या भावाचं नाव नव्हतं. कुलूप नव्हतं. एकशे बारा पानांत दारू हा शब्द एकदाही नव्हता. त्यांनी नवऱ्याला विचारलं, तर ते म्हणाले की उगाच वाद नको, पुस्तक सगळ्यांनी वाचायचं असतं. माणसाचं अख्खं आयुष्य सोलून काढलं आणि वर आंबे ठेवले. मैनाबाईंनी पुस्तक मिटलं आणि पुन्हा एकदा गप्प बसल्या.

मग महादेवरावांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. सोहळ्यात बायकांचं हळदीकुंकू ठेवू, संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतंच. प्रत्येकीला वाण म्हणून साडी, न्यायला-आणायला दोन बस, वर जेवण. पण बोलावणं घरच्या बाईनं जाऊन द्यायला हवं. ते खरंच होतं. हळदीकुंकवाचं बोलावणं मोबाइलवर होत नाही. यजमानीण स्वतः दारात येते, कुंकू लावते, 'या' म्हणते, आणि मग नाही म्हणायची सोय राहत नाही. मैनाबाई तीन दिवस सुनेला, आकांक्षाला, सोबत घेऊन घरोघरी फिरल्या. चरित्रात काही नसलं तरी एवढ्या बायका दादासाहेबांसाठी जमतील, याचं त्यांना बरंही वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बौद्ध वस्तीत गेल्या. तिथं हळदीकुंकवाचा प्रश्न नव्हता, तिथं 'महिला मेळाव्याला या' एवढंच सांगायचं होतं. शेवटचं घर इंदूबाईंचं. इंदूबाई अंगणवाडीत तीस वर्षं सेविका होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा संघपाल गेला, छत्तिसाव्या वर्षी. लिव्हर संपलं होतं. तो कुठल्या दुकानात पीत होता ते सांगायची गरज नव्हती. गावात दुकान एकच.

इंदूबाईंनी बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि बोलावणं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मैनाबाई, त्या दिवशी मतदान हाये, तुमाले माहीत नाही?"

मैनाबाईंना माहीत नव्हतं. वर्षभर इंदूबाई अर्ज घेऊन दारोदार फिरत होत्या हे त्यांना ठाऊक होतं. मैनाबाईंचं दार मात्र तेवढं टाळलं गेलं होतं, आणि दुकानवाल्याच्या बायकोपुढं मतदानाचा विषय कोणी काढला नव्हता. गावातल्या बायकांनी सह्या केल्या, सरकारी माणसं सह्या तपासून गेली, आणि आता बायकांचं गुप्त मतदान लागलं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मतदान रथसप्तमीला, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

"गावात सहाशे बारा बाया यादीत हायेत," इंदूबाई म्हणाल्या. "तीनशे सात आडव्या पायजेत. आलेल्याइच्या निम्म्याच्या वर नाही, यादीच्या निम्म्याच्या वर. जे बाई त्या दिवशी गावात नसन, ते उभ्या बाटलीतच गेली असं समजा. आन तुमी तर बस भरभरून बाया नेऊन राहिल्या."

मैनाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. तीन दिवस त्या घरोघरी कुंकू लावत फिरल्या होत्या, आणि लावलेलं प्रत्येक कुंकू नवऱ्याच्या दुकानाला मत होतं. जानरावांच्या नावानं. त्यांच्याच हातानं.

इंदूबाई उठून आत गेल्या आणि येताना चरित्राची एक प्रत घेऊन आल्या. छापील पत्रिकेसोबत ती आधीच वस्तीतही वाटली होती. त्यांनी ती मैनाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "माही आजी जानरावांसंग दुकानापुढं बसली होती. एकवीस दिवस. पोलीस आले तवा त्याईले खुर्ची देल्ली, माह्या आजीले काठी. हात मोडला तिचा. पुस्तकात पायलं मी. खुर्चीही नाही आन काठीही नाही."

मैनाबाई तडक घरी आल्या. महादेवराव ओसरीवर पेपर वाचत होते. मैनाबाईंनी चपला न काढताच विचारलं, "मतदानाची तारीख तुमाले माहीत होती का?"

महादेवरावांनी पेपर उलटला. मत काही पळून जात नाही, म्हणाले, यंदा नाही तर पुढे देतील. बायांना साडी मिळते आहे, जेवण मिळते आहे, तुझं काय जाते. आणि हे घर कशावर चालते ते एकदा पाहून घे. ते पेपरातून मान वर करेनात तेव्हा मैनाबाईंना कळलं की पुढाऱ्याला वेळ नव्हता वगैरे सगळं थोतांड. आधी मतदानाची तारीख कळली, मग सोहळ्याची ठरली. त्यांना संताप आला, आणि सगळ्यात जास्त संताप स्वतःचा आला. वीस वर्षांच्या गप्प बसण्यावर या माणसानं बेत आखला होता, आणि बेत बरोबर बसला होता.

दिलेलं बोलावणं मागे घेता येत नाही. सवाष्णीच्या कपाळाला लावलेलं कुंकू कोण पुसणार. म्हणून त्यांनी दुसरी वाट काढली. बस सकाळी नऊला सुटणार होत्या आणि मतदान आठला सुरू होणार होतं. पुढचे चार दिवस त्या दळण, भाजी, देवळाच्या निमित्तानं हिंडल्या आणि भेटेल तिला सांगत गेल्या की आधी शाळेत या, मत द्या, मग बसमध्ये बसा. बायका माना हलवत. एवढ्या माना हलल्यावर कोणीतरी नितेशला सांगणारच, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

रथसप्तमीला त्या पावणेआठला शाळेपाशी पोचल्या, तर चौकात एकच बस उभी. दुसरी साडेसहालाच सुटली होती, अठ्ठेचाळीस बायका घेऊन. नितेशनं रात्रीतून वेळ बदलली होती आणि आकांक्षाला पुढं घातलं होतं. 'मैनाबाई मागून येतीन' असं बायकांना सांगून बस हलवली. मैनाबाईंनी सुनेला फोन लावला. फोन बंद.

उभ्या बसमध्ये बायका बसलेल्या होत्या, नव्या बांगड्या, ठेवणीतल्या साड्या. नितेश दारात उभा राहून घाई करत होता. मैनाबाई बसकडे गेल्या नाहीत. त्या सरळ शाळेच्या फाटकातून आत गेल्या आणि इंदूबाईंच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या.

बसच्या खिडक्यांतून कुजबुज सुरू झाली. एका म्हातारीनं ओरडून विचारलं की मैनाबाई, तुम्ही बसत नाही का. मैनाबाईंनी रांगेतूनच उत्तर दिलं, चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी नाही जात. माह्या घरचं हळदीकुंकू माह्या घरी होईन, संध्याकाळी. वाण तिळगुळाचं. तिकडे साड्या कोण वाटून राहिलं, ते मले माहीत नाही."

आणि इथंच बापलेकांचं गणित चुकलं. बस त्यांची, साड्या त्यांच्या, सभागृह त्यांचं. पण बोलावणं बाईचं होतं. यजमानीण जिथं नाही तिथं हळदीकुंकू कसलं आणि वाण कोणाच्या हातून घ्यायचं. ती म्हातारी पहिली उतरली. मग तिच्या सुना उतरल्या. नितेश अडवत होता, पण बायकांना हात लावून अडवता येत नाही. सव्वाआठला बसमध्ये ड्रायव्हर आणि साड्यांचा गठ्ठा उरला.

दिवसभर रांग हलत राहिली. दुपारी साडेतीनला एक ऑटो धुरळा उडवत आला आणि त्याच्यातून नऊ बायका उतरल्या, अंगाखांद्यावर कोंबून बसलेल्या. शेवटची आकांक्षा. अमरावतीत मंचावर दिवा लागायच्या वेळी ती बायकांना 'हात धुवायला' म्हणून घेऊन निघाली होती, एसटीनं तिवसा आणि तिथून ऑटो. सासूकडे न पाहता ती रांगेत उभी राहिली. फोन का बंद ठेवला ते मैनाबाईंनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

चारला मतदान संपलं. साडेपाचला शाळेच्या व्हरांड्यात निकाल वाचला. उभी बाटली अडतीस. आडवी बाटली तीनशे चार.

तीन कमी.

मागून दुकानाच्या बाजूनं फटाक्यांची माळ वाजली. इंदूबाई पायरीवर बसून राहिल्या, हातात यादीची प्रत. थोड्या वेळानं त्यांनी ती मैनाबाईंपुढे धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पार्बताबाई, वय त्र्याण्णव. मैनाबाईंच्या सासूबाई. मरून नऊ वर्षं झाली, पण महादेवरावांनी नाव कधी कमीच केलं नव्हतं. अशा मेलेल्या बायका यादीत एकतीस निघाल्या. त्या एकतीस वगळल्या असत्या तर दुकान त्याच संध्याकाळी बंद झालं असतं. ज्या बाईनं दुकानापायी मुलाच्या हातचं पाणी सोडलं, ती कायद्याच्या हिशोबात उभ्या बाटलीच्या बाजूनं उभी होती.

मैनाबाईंनी त्या संध्याकाळी ठरल्याप्रमाणे हळदीकुंकू केलं. तिळगूळ वाटला. कोणाला गोड बोला म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी, दुकानं बंदच असतात. त्या दिवशी मैनाबाईंनी यादीतून नाव कमी करायचा अर्ज आणवला, सासूच्या नावाचा स्वतः भरला आणि नवऱ्यासमोर ठेवला. मृत्यूचा दाखला त्यांच्या कपाटात होता. महादेवराव म्हणाले, पाहू. बैठकीत जानरावांचा फोटो अमरावतीहून परत येऊन भिंतीला टेकला होता. पुढाऱ्यानं घातलेला हार अजून तसाच होता, झेंडूचा, मांडीएवढा जाड. मैनाबाई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत उभ्या राहिल्या.

सत्तावीसला सकाळी दहाला नितेशनं दुकानाचं शटर वर केलं. बाहेर आदल्या दिवसाचे उपाशी वीस-पंचवीसजण थांबलेले. तेवढ्यात चौकातून दोन म्हाताऱ्या बायका येताना दिसल्या. त्यांच्यामध्ये काचेच्या चौकटीतले दादासाहेब, एक बाजू मैनाबाईंच्या हातात, दुसरी इंदूबाईंच्या. लोक बाजूला झाले. मैनाबाई गल्ल्याच्या मागे गेल्या, भावफलकाची पाटी खिळ्यावरून काढून खाली ठेवली आणि तिथं फोटो टांगला. हार सारखा केला. मग तिथलं स्टूल ओढून फोटोखाली बसल्या. इंदूबाई दाराशी पायरीवर बसल्या.

नितेश दबक्या आवाजात म्हणाला की आई, तमाशा करू नको.

"तमाशा परवा झाला," मैनाबाई म्हणाल्या. "वर्षातून एक दिवस याइच्या नावानं दुकान बंद ठेवतं ना तू? आता हे रोज अथीच राहतीन. आन मीबी. ज्याले घ्याचं असन त्यानं आधी पाया पडाचं, मंग घ्याचं. इक तू, मी काही अडवत नाही."

पहिला विपुल होता. संघपालचा जिवलग, दोघं याच गल्ल्यावर सोबत पीत. तो नोट काढून पुढे आला, फोटोकडे न पाहता. मग पायरीवर इंदूबाई दिसल्या. त्या त्याच्याकडे नुसत्या पाहत होत्या. लहानपणी याच बाईनं त्याचा हात धरून पाटीवर अ गिरवला होता. विपुलनं नोट खिशात घातली आणि मान खाली घालून निघून गेला. मागचा कोणी पुढे येईना. जो तो दुसऱ्याला ढकलत होता.

कोणीतरी धावत जाऊन महादेवरावांना सांगितलं. ते आले ते लाल होऊनच. तरातरा गल्ल्यामागे गेले आणि फोटोकडे हात वर केले. तेव्हा त्यांना चौक दिसला. दुकानासमोर आता पन्नास-साठ माणसं होती, निम्म्यांचे मोबाइल वर धरलेले. दादासाहेबांच्या नातवानं दारूच्या दुकानात दादासाहेबांचा फोटो उतरवला, हे संध्याकाळपर्यंत अमरावतीला पोचलं असतं, पुढाऱ्याच्या हारासकट. वर गेलेले हात तिथंच थांबले. खाली आणायला काही तरी निमित्त हवं होतं, म्हणून महादेवरावांनी ते जोडले. नमस्कार करून झाला तरी हात सोडायचे की नाही ते त्यांना कळेना.

मैनाबाईंनी पिशवीतून अर्ज काढून गल्ल्यावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. म्हणाल्या, "आता आलेच हा, तर मायच्या अर्जावर सही करा. नऊ वर्षं झाली, तिले मरू द्या."

महादेवरावांनी सही केली. मग खालच्या आवाजात नितेशला म्हणाले की आजच्या दिवस शटर खाली घे.

नितेश शटर ओढायला गेला, तेव्हा मैनाबाई स्टुलावरून उठल्या. "असं कसं? लोकाईले कारण समजलं पायजे. पाटी माळ्यावर हाये, काढ. पूस आन लाव."

नितेशनं बापाकडे पाहिलं. बाप रस्त्याकडे पाहत होता. शेवटी तो माळ्यावर चढला, पाटी काढली, फडक्यानं पुसली आणि शटरला बांधली. 'कै. दादासाहेब जानराव यांच्या जयंतीनिमित्त दुकान बंद राहील.' कोणीतरी मागून म्हणालं की जयंती तर अकरा तारखेला झाली. मैनाबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"उद्याही हाये," त्या म्हणाल्या. "परवाही हाये. मी रोज दहाले येतो."